पहिला प्याला आणि बंद दार
(उपवासकाळाच्या तयारीसाठी अभ्यासलेख)

शास्त्रवाचन: २ शमुवेल १२:१-१३, मत्तय २७:३-५, लूक २२:५४-६२, योहान २१:१५-१९



दावीद राजाने उरीयाची पत्नी आपलीशी केली आणि उरीयाला लढाईच्या तोंडाशी उभे करून त्याचा जीव घेतला. एवढे करूनही राजा स्वस्थ होता. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा त्याने आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत. त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती आणि ती तो पोटच्या लेकीसारखी सांभाळी. शेजारच्या श्रीमंताने आपली खिल्लारे राखून पाहुण्यासाठी तीच मेंढी ओढून नेली. ऐकून दावीद भडकला, त्या माणसाला मरणाची शिक्षा दिली पाहिजे असे म्हणाला. तेव्हा नाथानाने सांगितले की तो माणूस तूच आहेस.

दुसऱ्याच्या गोष्टीत आपले पाप आपल्याला चटकन दिसते. स्वतःकडे पाहताना मात्र शंभर सबबी आड येतात. प्रभू येशूने दाखले सांगितले तेही यासाठीच. चांगले साहित्य कधी कधी नाथानाचे काम करते. म्हणून या उपवासकाळाच्या तयारीसाठी आम्ही मराठीतले एक गाजलेले नाटक घेतले आहे. ते धार्मिक नाटक नाही, तरी ते वाचून आत्मपरीक्षणाला मोठी मदत होते. ते नाटक म्हणजे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'.

नाटकाची ओळख

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे ३३ वर्षांचे. पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका केली आणि आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ती पाहून पदर भिजवले. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्यातला तळीराम अजून जिवंत आहे. एकतीस डिसेंबर आला की वर्तमानपत्रे दारू पिणाऱ्यांना आजही 'तळीराम' म्हणतात.

कथा थोडक्यात अशी. सुधाकर हा हुशार, नामांकित पण अतिशय मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि काही काळासाठी त्याची सनद काढून घेतली जाते. हा अपमान त्याला सोसवत नाही. त्याचा कारकून तळीराम हा अट्टल दारुडा. दुःख विसरायला म्हणून तो मालकाला एकच प्याला घ्यायला सांगतो. त्या एका प्याल्याने पुढे घर, नाव, पैसा सगळे गिळले. पत्नी सिंधू माहेरची मदत न घेता लोकांची दळणे दळून घर चालवते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्याच हातून त्याचे तान्हे मूल जाते, सिंधूवरही घाव पडतो आणि ती मरते. सुधाकर विष मिसळलेला प्याला घेऊन आयुष्य संपवतो.

पापाची सुरुवात दारूपासून नाही

हे दारूबंदीचे नाटक आहे असे समजून आपण ते बाजूला ठेवतो. आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, "आम्ही तर पीतच नाही, आमचा काय संबंध?" पण गडकऱ्यांनी सुधाकरला दारुडा म्हणून रंगमंचावर आणलेले नाही. आधी तो मानी म्हणून दिसतो. त्याची पहिली ठेच गर्वाची आहे. अपमान गिळता आला नाही, चूक झाली असेल असे म्हणता आले नाही, कुणापुढे रडता आले नाही. म्हणून विसरण्याचे औषध लागले.

ख्रिस्तसभेने सात मूळ पापांची यादी केली तेव्हा गर्वाला पहिले स्थान दिले, ते उगाच नव्हे. संत याकोबही (१:१४-१५) पापाचा असाच क्रम सांगतो: आधी माणसाची स्वतःची वासना त्याला ओढते, मग तिच्यापोटी पाप जन्मते, आणि पाप वाढले की मरण येते. दारूच्या जागी मोबाइलवरचा जुगार घाला, परस्त्रीचा नाद घाला, कंपनीतली छोटी चोरी घाला किंवा भावाशी जमिनीवरून धरलेला अबोला घाला. क्रम तोच राहतो. "एवढ्याने काय होते?" हे वाक्य प्रत्येकाच्या सुरुवातीला सापडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दारूचा थेंब म्हणजेच पाप, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. ख्रिस्तसभा संयमाचा गुण शिकवते आणि अतिरेक टाळायला सांगते. पण ज्याच्या बाबतीत पहिला प्याला हाच अतिरेक ठरतो, त्याने तो घेऊ नये आणि इतरांनी तो त्याच्या हाती देऊ नये. आपला खरा प्रश्न या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

तळीराम कोण?

तळीराम वाईट माणूस वाटत नाही, हीच त्यातली गोम आहे. तो प्रेक्षकांना हसवतो. त्याने दारू पिणाऱ्यांचे 'आर्यमदिरामंडळ' काढले आहे. तो सुधाकरचा शत्रू नाही. मालकाचे दुःख त्याला पाहवत नाही आणि त्याच्याजवळ जे आहे ते तो प्रेमाने पुढे करतो.

संत आगुस्तीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. सोबत्यांबरोबर रात्री जाऊन त्यांनी शेजारच्या झाडाचे नाशपती पाडले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झालेला हा मोठा संत त्या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने लिहितो आणि शेवटी कबूल करतो की एकटा असतो तर हे केले नसते. सोबत होती म्हणून केले. 'चला, करू या' असे कुणी म्हटले की नाही म्हणायची लाज वाटते, हे त्यांनी ओळखले.

आता आपल्या आंबीकडे वळू. इथे एमआयडीसी आली, कारखाने आले. गावोगावची तरुण मुले कामासाठी येऊन खोल्या घेऊन राहिली. घर दूर, शिफ्टची ड्यूटी, कंत्राटाची नोकरी आणि पगाराची संध्याकाळ. अशा मुलाला पहिला प्याला कोण देतो? दुकानदार फक्त विकतो. हातात देतो तो मित्र, सहकारी, कधी नात्यातला दादा किंवा मामा. आपल्याच घरच्या हळदीला, बाप्तिस्म्याच्या जेवणाला, अगदी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पार्टीलाही मागच्या खोलीत "वेगळी सोय" असते. न घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? "अरे, आज आनंदाचा दिवस, एकच घे. तेवढ्याने काय होते?" हे तळीरामाचेच बोलणे आहे आणि ते आपल्या तोंडी फार सहज येते.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक १८६८) सांगतो की दुसऱ्याच्या पापाची जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते: त्यात स्वतः भाग घेतल्याने, सल्ला दिल्याने, वाहवा केल्याने, थांबवणे कर्तव्य असताना गप्प राहिल्याने किंवा वाईट करणाऱ्याला पाठीशी घातल्याने. पापनिवेदनाला जाताना आपण "मी काय केले" याचा हिशेब करतो. "माझ्यामुळे दुसऱ्याने काय केले" हा रकाना बहुधा कोराच राहतो.

परतीच्या वाटेवरचे बंद दार

नाटकातली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा शेवटच्या मरणांची नाही. ती त्याआधी येते आणि पुष्कळांच्या लक्षातही राहत नाही. मधे एकदा सुधाकरचे डोळे उघडतात. तो दारू सोडायचा निश्चय करतो आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित लोकांकडे जातो. ही माणसे दारुडी नाहीत, सभ्य आहेत. त्यांच्याकडून त्याला मिळतो तो अपमान, टोमणे आणि नकार. तो परत येतो तो आता मरेपर्यंत प्यायची असे ठरवूनच. पहिला प्याला तळीरामाने दिला होता. दुसऱ्यांदा त्याला प्याल्याकडे ढकलले ते सभ्य माणसांनी.

हे वाचताना आम्हाला यहूदाची आठवण झाली. मत्तयच्या शुभवर्तमानात (२७:३-५) यहूदाला आपण केलेल्याचा पस्तावा झाला, असे लिहिले आहे. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली आणि निष्पाप माणसाला धरून दिल्याचे कबूल केले. कबुली झाली, पैसेही परत झाले. पण तो गेला कुणाकडे? मुख्य याजकांकडे. ते म्हणाले की आम्हाला त्याचे काय, तुझे तू बघ. तो बाहेर पडला तो फाशी घेण्यासाठीच. पापी माणूस कबुली घेऊन दाराशी आला आणि देवाच्या मंदिरातल्या माणसांनी दार लावून घेतले.

पेत्राचे पापही लहान नव्हते. त्याने प्रभूला तीनदा नाकारले. पण प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले (लूक २२:६१) आणि तो बाहेर जाऊन रडला. पुढे एक गोष्ट शांतपणे घडते. पेत्र पुन्हा शिष्यांमध्ये दिसतो. योहान त्याच्याबरोबर थडग्याकडे धावतो, मासे धरायला जाताना बाकीचे त्याच्यासोबत निघतात. "तू कसा आलास?" असे कुणी त्याला विचारल्याचे शुभवर्तमानात नाही. आणि किनाऱ्यावर प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारून तीन नकार पुसून टाकले (योहान २१).

दोघांनाही पश्चात्ताप झाला. पेत्राला प्रभूची नजर मिळाली आणि परत घेणारी माणसेही मिळाली. यहूदा प्रभूकडे गेलाच नाही आणि ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला झिडकारले.

या सोबत आमचीही एक चूक इथे मांडतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण बरेच महिने दारू सोडून आमच्या प्रार्थनासभेला येऊ लागला होता. तो मागच्या बाकावर बसे. एकदा प्रार्थना संपल्यावर आमच्यातच कुजबुज झाली की बघू या किती दिवस टिकतो ते. ती त्याने ऐकली. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो नाही. त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केल्याचे कळले तेव्हा "म्हटले नव्हते?" असेही कुणी तरी म्हणाले. त्या दिवशी आम्ही ना तळीराम होतो ना सुधाकर. आम्ही नाटकातली ती सभ्य माणसे होतो. हे आम्ही पापनिवेदनात सांगितले आहे. पण त्या तरुणाची माफी मागायचे राहून गेले.

सिंधूचे मौन

सिंधूविषयी थोडे स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून मरतानाही ती खरे सांगत नाही. शंभर वर्षे प्रेक्षकांनी तिला पतिव्रता म्हणून वाखाणले. तिचे प्रेम खरे आहे, त्यात शंका नाही. पण आमच्या भगिनींनो, मार लपवणे म्हणजे विवाह संस्काराची निष्ठा नव्हे. मार खाऊन "पाय घसरला" असे सांगणाऱ्या स्त्रीचा नवरा त्या खोट्यामुळे वाचत नाही. त्याचे पाप तेवढे वाढत जाते, आणि मुलांच्या जिवावरही बेतू शकते. नाटकात नेमके तेच झाले. सिंधूच्या काळी तिला दुसरी वाट नव्हती. आज कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. शेजारणीच्या अंगावर वळ दिसले तर "त्यांच्या घरचे प्रकरण" म्हणून आपण मान फिरवू नये. गप्प राहणे हेही वर सांगितलेल्या यादीत येते.

परत फिरलेली माणसे

गडकऱ्यांनी फक्त अधःपात दाखवला असता तर हे नाटक निराशेचे झाले असते. पण त्यात भगीरथ आहे. तोही त्याच दारूच्या मंडळातला. त्याला हात देणारा माणूस वेळेवर भेटतो आणि तो सुटतो. आणि रामलाल आहे. तो सुधाकरचा मित्र, सज्जन, सगळ्यांना सल्ला देणारा. सुधाकरच्या विधवा बहिणीची, शरदची, जबाबदारी त्याच्यावर येते आणि त्याच्याच मनात तिच्याविषयी वासना डोकावते. ती तो स्वतःशी कबूल करतो, तिच्याशी झगडतो आणि मागे फिरतो. जगाला काही दिसलेले नसते. मनातच उगवलेले पाप त्याने मनातच ओळखले. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:२७-३०) प्रभू हेच मागतो. सज्जन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तळीरामापेक्षा रामलालकडे जास्त वेळ पाहावे.

परत फिरणे म्हणजे नुसते डोळ्यांतले पाणी नव्हे. आपल्या मावळातून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. तिथल्या संत तुकारामांच्या घरी सावकारी होती. लोकांनी कर्जासाठी लिहून दिलेली खते त्यांनी आपल्या वाट्यापुरती इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आपल्याला जक्कय आठवतो (लूक १९:८). प्रभू घरी आला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवणुकीच्या चौपट परतफेड असे जाहीर केले. पापाची क्षमा फुकट मिळते, पण ज्याचे नुकसान केले त्याचे देणे शिल्लक राहते. ज्याने पगार दारूत घालवला त्याने पत्नीच्या हाती पुढचा पगार ठेवावा. ज्याने बदनामी केली त्याने जिथे केली तिथेच जाऊन खरे सांगावे.

आणखी एक सांगणे. व्यसन हा आजारही असतो. सवयीने माणसाची इच्छाशक्ती दुबळी होते आणि त्यामुळे त्याची जबाबदारी कमी होऊ शकते, हे आपली ख्रिस्तसभाही मानते. म्हणून "पापनिवेदन केलेस ना, मग सुटत का नाही?" असे कुणाला विचारू नये. संस्कार घ्यावा आणि उपचारही घ्यावेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ आपल्या देशातही काम करते. त्यांच्या बारा पायऱ्यांत आपली चूक देवापुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करणे व ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे या पायऱ्या आहेत. आपल्या समेट संस्काराशी त्यांचे नाते सहज दिसते. सुधाकरसारखे आयुष्य संपवणाऱ्यांचा न्याय आपण करू नये. त्यांना देव त्याच्या मार्गाने भेटतो अशी आशा ठेवून ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि कुणाच्या मनात असा विचार येत असेल तर त्याने आजच कुणाला तरी सांगावे, फादरांना सांगावे, डॉक्टरांना भेटावे. एकट्याने रात्र काढू नये.

या उपवासकाळासाठी

आम्ही आमच्या गटात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आपणही त्या कराव्यात अशी विनंती. एक, या वर्षी आपल्या घरच्या कोणत्याही संस्काराच्या जेवणात दारू ठेवायची नाही आणि कुणी नको म्हटले तर दुसऱ्यांदा विचारायचे नाही. दोन, मिस्साला किंवा प्रार्थनेला यायचे थांबलेल्या एका तरी माणसाच्या घरी जायचे. त्याला बोल लावायचा नाही, चहा घेऊन परत यायचे. तीन, पापनिवेदनाच्या रांगेत ओळखीचे कोण उभे आहे हे पाहून नंतर त्याची चर्चा करायची नाही.

त्या तरुणाला शोधायचे काम आम्ही सुरू केले आहे. तो आता दुसऱ्या कारखान्यात आहे एवढे कळले आहे. भेटल्यावर आम्ही आधी माफी मागणार आहोत.

चिंतनासाठी प्रश्न (घरी कुटुंबात किंवा गटात विचार करावा)

१. "एवढ्याने काय होते?" हे वाक्य मी गेल्या महिन्यात स्वतःला किंवा दुसऱ्याला कधी म्हटले?
२. माझ्यामुळे कुणी पापाकडे वळले आहे का? मी गप्प राहिल्यामुळे?
३. परत येऊ पाहणाऱ्या कुणाला माझ्या बोलण्याने दार बंद झाले आहे का?
४. मला कुणाची भरपाई करायची राहिली आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, अंगणातल्या शेकोटीपाशी तू वळून पेत्राकडे पाहिलेस, तसे आमच्याकडे पाहा. आमचा गर्व आम्हाला दाखव. दुसऱ्याच्या हाती पापाचा प्याला देण्यापासून आमचे हात आवर. जे चुकले, पडले आणि लाजेने दूर राहिले त्यांना आमच्या घरात व तुझ्या घरात जागा मिळू दे. ज्यांच्यासाठी आम्ही दार लावले, ते उघडण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.